बांगड्यांच्या वर धरायचं

लोक विचारतात, "मावशी, इतकी वर्षं नावेवर होता, किती जणांना बुडताना वाचवलं?" खरं सांगायचं तर एकालाही नाही. मला पोहताच येत नाही. हे ऐकलं की विचारणाऱ्याचं तोंड उतरतं. त्याला पुराची, भोवऱ्याची गोष्ट हवी असते. माझं काम भोवऱ्याच्या फार अलीकडचं होतं. नाव घाटाला लागली की नावेच्या तोंडापासून पायरीपर्यंत एक फळी टाकतात. तिच्यावरून चढता-उतरताना बाई पडू नये म्हणून तिला हात द्यायचा, एवढंच माझं काम. फळी चार पावलांची. त्या चार पावलांवर माझे केस पांढरे झाले.

आमच्या बुऱ्हाणपुरात तापीवर पूल आहे, खाली रपटा, म्हणजे पाण्यालगतचा ठेंगणा पूलही आहे. पण पावसाळ्यात रपटा पाण्याखाली जातो आणि पुलावरून जायचं तर मोठा फेरा पडतो, म्हणून इंजिनाची नाव अजून टिकून आहे. ती चालवायचा भगवानभाऊ. पिढीजात नावाडी, बोलणं कमी आणि विडी जास्त. "पाण्यात पडलेलं माणूस काढता येतं वो," तो म्हणायचा, "दगडावर पडलेलं जोडावं लागते, आन् ते काही पहिल्यासारखं जुळत नई." नदीच्या मधोमध माणसं देवाचं नाव घेत गुपचूप बसलेली असतात. पडतात ती काठावर, घर दिसायला लागल्यावर.

नावेवर बाई कशाला, असं कोणालाही वाटेल. खेड्यातली सून यायची ती पदर नाकापर्यंत ओढून. मागे सासरा, पुढे दीर. ती परक्या पुरुषाचा हात धरणार कशी? मग भगवानभाऊ बायकांसाठी बांबू पुढे करायचा. ओला बांबू हातात गरगर फिरतो, आणि पदराखालून फळीची कड दिसत नाही. एका पावसाळ्यात एकाच पायरीवर तीन बायका आपटल्या. तिसरीचा सासरा अगदी शेजारी उभा होता. हात पुढे करावा की नको, या विचारात तो राहिला आणि सून तोंडावर पडली. पुढचे दात गेले तिचे. त्यानंतर नावेचा ठेकेदार भगवानभाऊला म्हणाला, एखादी बाई बघ.

भगवानभाऊ लोधीपुऱ्यात माझ्या घरी आला. मी तेव्हा घरी बसून पॉवरलूमसाठी सुताच्या कांड्या भरत होते. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. भगवानभाऊ दारातूनच म्हणाला, "सुभद्रा, तुझा हात मोकळा हाय. बांगड्या नईत. पकड चांगली बसेल." दुसरं कोणी असं बोललं असतं तर मी केरसुणी फेकून मारली असती. पण हा माणूस कामाचं बोलत होता. माझ्या मोकळ्या हाताचा काही उपयोग आहे असं म्हणणारा तो पहिलाच भेटला. मी दुसऱ्या दिवशी घाटावर गेले.

हात देण्यात काय शिकायचं, असं मलाही वाटलं होतं. आठवड्याभरात कळलं की तळहात धरला तर तो घामाने नाहीतर पावसाने सुटतो. मनगट धरायला हवं. पण मनगटावर बांगड्या. काचेची बांगडी दाबली की वाढते, फुटते म्हणायचं नसतं, आणि वाढली की बाई हात झटकून मागे घेते. पाय घसरत असला तरी घेते. सवाष्णीला आधी बांगडीची काळजी, मग हाडांची. म्हणून मी बांगड्यांच्या वर, कोपराच्या खाली धरायला लागले. तिने माझा हात धरायचा, मी तिचा. एकीची पकड सुटली तरी दुसरीची राहते. आणि तिला सांगायचं, फळीकडे नको, माझ्याकडे बघ. पाय आपोआप नीट पडतात.

बाकीचं शिकवलं पडणाऱ्यांनी. पाय सरकू नये म्हणून फळीवर आडव्या पट्ट्या ठोकल्या, तर त्यात बायकांची जोडवी अडकायला लागली. मग पट्ट्यांवर तरट ठोकलं. बहादरपूरहून पूजेसाठी केळीची पानं यायची, त्यांच्या देठांतून गळणारं पाणी तेलासारखं निसरडं, म्हणून पानांचे भारे नावेच्या शेपटाकडे. पण सगळ्यात मोठं भांडण झालं ते भगवानभाऊशीच. दर शनिवारी तो नावेच्या तोंडाला तेल-शेंदूर लावायचा आणि तिथेच नारळ फोडायचा. चढणाऱ्याचं पहिलं पाऊल नेमकं तिथे.

मी म्हटलं, "हे इंजिनाजवळ करत जा."

"देव नावेच्या तोंडाशी असते. इंजिनाजवळ कायले येईन तो?"

"मग लोक देवावर पाय देऊन घसरतात, ते चालतं का त्याला?"

आठ दिवस तो माझ्याशी बोलला नाही. नवव्या दिवशी शेंदूर इंजिनाजवळ दिसला.

नाव टेकायच्या आधी उभं राहायची खोड मात्र मला शेवटपर्यंत मोडता आली नाही. काठ दिसला की सगळे एकदम उठतात, जसं काही घाट कुठे पळून जाणार आहे. नाव पायरीला टेकताना धक्का बसतोच, आणि तो नेमका उभ्या माणसाला बसतो. "बसा! नाव टेकली नई!" हे मी इतक्यांदा ओरडले आहे की अजूनही रिक्षा थांबायच्या आधी कोणी उठलं तर माझ्या तोंडून निघतं. अलीकडे नारिंगी जाकिटं आली. लोक त्यांची घडी करून बुडाखाली घेतात आणि मोबाइल समोर धरून फोटो काढतात.

एकदा एक नवरदेव आला. पायात टोकदार मोजड्या, तळवे आरशासारखे गुळगुळीत. मी म्हटलं, काढून हातात घ्या. तो तयार होईना. करवल्या आणि मेव्हण्या नावेतच होत्या, मोजडी पायातून निघाली की लपवणार, मग पैसे दिल्याशिवाय सुटका नाही. "मावशी, पडलो तरी चालेल, पण इज्जत का सवाल है!" असं तो म्हणाला. शेवटी मी मोजड्या माझ्या पदरात बांधल्या आणि मेव्हण्यांना बजावलं की माझ्या पदराला हात लावाल तर याद राखा. नवरदेव अनवाणी उतरला. काठावर मी त्याच्या पायात मोजड्या चढवत होते आणि मेव्हण्या मला नावं ठेवत होत्या.

पण सगळेच दिवस असे हसत सरले नाहीत. ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले ती आता सांगते. टाळत होते, हे वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेलच.

निंबोल्याच्या वत्सलाताई. नवऱ्याची, रामदासभाऊंची केळीची बाग. लेक नदीच्या पलीकडे दिलेली, म्हणून महिन्यातून एक फेरी ठरलेली. माझ्यासाठी कधी शेव, कधी कळण्याची भाकरी आणायच्या. मी नवी असताना सणासुदीला काही बायका माझा हात टाळायच्या. विधवेचा हात, शुभकार्याला निघताना नको. एका संक्रांतीला वत्सलाताई सगळ्यांदेखत पुढे आल्या, हात माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "हात तो हात. पडल्यावर कोणी विचारते का, कोणाचा होता?" त्या दिवसापासून बाकीच्याही यायला लागल्या.

श्रावणात त्यांच्या लेकीचं डोहाळजेवण होतं. वत्सलाताई निघाल्या त्या दोन्ही हातांत हिरवा चुडा भरून, जवळजवळ कोपरापर्यंत. पलीकडच्या घाटावर उतरताना बांगड्यांच्या वर धरायला जागाच नव्हती. अशा वेळी थांबायचं, बाईला बसवायचं, दंड धरायचा. हे मला माहीत होतं. पण मागून लोक रेटत होते, पाऊस सुरू झाला होता, आणि मी चुड्यावरच धरलं. वत्सलाताई फळीच्या मधोमध होत्या. नाव हलली. माझ्या मुठीत कर्र झालं.

त्या वेळी वत्सलाताईंनी हात झटकला नाही. मी सोडला.

एका विधवेच्या मुठीत सवाष्णीचा चुडा वाढला, तोही लेकीच्या डोहाळजेवणाच्या दिवशी. चटका बसल्यासारखी माझी बोटं उघडली. वत्सलाताई फळी आणि पायरीच्या मध्ये कुशीवर पडल्या. पाणी गुडघाभरसुद्धा नव्हतं. खुब्याचं हाड मोडलेलं होतं. त्या ओरडल्या नाहीत, नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या.

लोकांनी आपापल्या अनुभवावरून ठरवलं की बाईने बांगडीपायी हात ओढून घेतला. भगवानभाऊनेही ठेकेदाराला तेच सांगितलं, माझं काम वाचावं म्हणून. रामदासभाऊ घाटावर येऊन मलाच म्हणाले, "तुमची काय चूक, बाई. हिलेच बांगड्यांचं लई वेड." मी मान खाली घालून ऐकलं. तोंड उघडलं नाही. हात सुटणं कोणाकडूनही होतं, पण पडलेल्या बाईच्या माथी दोष जाऊ देणं माझ्या हातून झालं. याची मला आजही लाज वाटते.

पुढची दोन वर्षं वत्सलाताई घाटावर आल्या नाहीत. खुब्यात सळई घातली, काठी घेऊन चालतात, असं कानावर यायचं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितं, तशी मी प्रत्येक बाईचा हात दोन्ही हातांनी धरायला लागले. बायका चिडायच्या.

मग आषाढातला तापीमायला चुनरी चढवायचा दिवस आला. बाहेरच्यांसाठी सांगते. गावोगावच्या बायका साड्या देतात, त्या एकमेकींना जोडून नदीच्या या काठापासून त्या काठापर्यंत पुरेल एवढी चुनरी शिवतात. एक टोक अलीकडच्या घाटाला बांधायचं, बाकीची चुनरी नावेत घ्यायची आणि बायकांनी ती हातोहात सोडत पलीकडे न्यायची. आदल्या दिवशी पाऊस झाला होता. पाणी चढलेलं आणि गढूळ होतं.

त्या गर्दीत रामदासभाऊंचा मुलगा आणि पुतण्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवून कोणाला तरी आणत होते. वत्सलाताईच होत्या. मुलाने मला सांगितलं, "आईचा नवस हाय. पायावर उभी राहिली तर स्वतःच्या हाताने चुनरी चढवीन, असं बोलली होती. डॉक्टर म्हणते, यावेळी पडली तर पुन्हा चालणं नई." अलीकडच्या घाटावर नाव ओट्याला आडवी लागते, त्यामुळे खुर्ची अलगद आत ठेवता आली. माझ्या हाताची गरजच पडली नाही. वत्सलाताईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. नावेत फक्त बायका जायच्या, म्हणून मुलगा मागे राहिला. रामदासभाऊ पुलावरून जीपने फिरून पलीकडे लेकीला घेऊन उभे राहणार होते.

मी चुनरी काढणाऱ्या मंडळाच्या बाईंना म्हटलं, चुनरीचा ढीग पायात ठेवू नका, केळीच्या क्रेटमध्ये ठेवा, एकेक घडी निघत जाईल. बाई कडाडल्या, "केळीच्या घाण क्रेटमध्ये माताजीची चुनरी? काही वाटते का तुले?" ढीग बायकांच्या पायातच राहिला.

निम्म्या नदीत गेलो आणि चुनरी पाण्याला टेकली. भिजलं कापड आणि चढलेलं पाणी. प्रवाहाने तिला पोटातून धरलं आणि ओढायला सुरुवात केली. ढिगातून घड्या सरसर निघायला लागल्या. बायका उठल्या, चुनरी आवरायला सगळ्या एकाच बाजूला गेल्या आणि नाव कलली.

"बसा!" मी ओरडले. कोणी ऐकलं नाही.

"सोडू नका गं! मधेच सुटली तर अपशकुन होईन!" मंडळाच्या बाई ओरडत होत्या.

तेवढ्यात मला वत्सलाताईंची काठी घरंगळताना दिसली. चुनरीचा एक फास त्यांच्या दुखऱ्या पायाच्या घोट्याला बसला होता. खुर्ची उलटली होती, त्या नावेच्या तळावर बसल्या होत्या आणि नदी त्यांना पायाकडून नावेच्या कडेकडे ओढत होती. दोन्ही हातांनी त्यांनी फळकुटाची कड धरली होती. आवाज नाही. तोच चेहरा, घाटावर माझ्याकडे बघत राहिलेला.

"सोडा चुनरी! पाय अडकला हाय!" मी ओरडले. अर्ध्या बायकांना दिसत नव्हतं, अर्ध्यांना दिसूनही हात सुटत नव्हते. भगवानभाऊने इंजिन मंद केलं, पण त्याला सुकाणू सोडता येत नव्हतं. इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्यात अडकलेलं गवत कापायला त्याच्याजवळ एक विळा असायचा. मी हात केला, त्याने तो तळावरून माझ्याकडे सरकवला. मी रांगत गेले. फास इतका घट्ट की त्यात बोट जाईना. बाजूला ताणलेली पिवळी साडी होती. मी विळा लावला आणि ओढला.

चुनरी फाटल्याचा आवाज मोठा झाला. नाव झटक्याने सरळ झाली, उभ्या बायका धपाधप बसल्या. लाल, पिवळ्या, हिरव्या साड्या पाण्यावरून लांबच लांब निघून गेल्या.

सगळ्याच एकदम बोलायला लागल्या. तापीमायची चुनरी कापली. विधवेच्या हाताने कापली. वर्षभर काय काय होईल याचा पाढा सुरू झाला. मी विळा धरून तशीच बसून राहिले.

"ती पिवळी साडी माझी होती," खाली बसलेल्या वत्सलाताई म्हणाल्या. "कापली तर माझी कापली. तुम्हाले कायले झोंबते?"

पण घाटावर पोचेपर्यंत कोणाचा राग उतरला नव्हता. पलीकडच्या खालच्या पायऱ्या पाण्यात गेल्या होत्या. फळी तिरपी बसली. मी नेहमीप्रमाणे टोकाशी जाऊन हात पुढे केला. एकीनेही धरला नाही. बायका एकमेकींना धरून उतरल्या. दोघी गुडघ्यावर पडल्या, तरी माझ्या हाताकडे आल्या नाहीत. मी हात तसाच ठेवला होता. खाली घेतला असता तर पुन्हा वर आला नसता.

शेवटी नावेत वत्सलाताई राहिल्या. वरून रामदासभाऊ ओरडले, "थांब, माणसं आणतो, खुर्ची उचलू!"

"खुर्ची या फळीवर मावत नई, भाऊ," भगवानभाऊ म्हणाला. "चालतच यावं लागेन."

मी त्यांना उठवायला वाकले. त्यांच्या उजव्या हातात हिरव्या बांगड्या होत्या, मनगटापासून वरपर्यंत. मला त्या दिवशीचा आवाज ऐकू यायला लागला. तिथेच मी म्हटलं, काठावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "ताई, त्या दिवशी तुम्ही हात नव्हता झटकला. मीच सोडला होता."

"मले माहीत नई का ते?" त्या म्हणाल्या. "हात माझा होता."

मग त्यांनी नावेतलं पाणी मनगटावर घेतलं आणि उजव्या हातातल्या बांगड्या एकेक करून काढायला लागल्या. कासाराकडे बांगड्या भरतानासुद्धा बाई एक तरी हातात ठेवते. वत्सलाताईंनी त्या हातात एकही ठेवली नाही. नवरा समोर पायरीवर उभा असताना. मंडळाच्या बाईंनी तोंडाला पदर लावला. रामदासभाऊ बघत राहिले. मग ते पाण्यात उतरले, गुडघाभर पाण्यातून नावेपर्यंत आले आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली. "दे इकडे," ते म्हणाले. "सांभाळतो मी." बांगड्या त्यांनी आपल्या उपरण्यात बांधल्या.

वत्सलाताईंनी उघडा हात माझ्यापुढे केला. "धर. आता काही वाजणार नई."

मी मनगट धरलं. त्यांनी माझं धरलं. पहिलं पाऊल, दुसरं पाऊल. तिसऱ्याला नाव हलली, फळी सरकली, त्यांचा पूर्ण भार माझ्या हातावर आला. माझ्या खांद्यात कळ उठली. बोटं उघडली नाहीत. चौथं पाऊल दगडावर पडलं. लेक पुढे आली, कोणीतरी काठी दिली, रामदासभाऊ पाण्यातून वर चढले. वत्सलाताई स्वतःच्या पायांवर घाटावर उभ्या होत्या.

त्यांनी माझ्या पाठीवरून डावा हात फिरवला.

"सोड आता, माय," त्या म्हणाल्या. "पोचले मी."